स्टोअरसाहेबांचा मुका लॅपटॉप

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता स्टोअरसाहेबांच्या लक्षात आलं, की आपला लॅपटॉप मुका झालाय. नेमका कधी झाला ते सांगता येणार नाही. चित्र दिसत होतं, बाण फिरत होता, पडद्यावरचा माणूस हातवारे करून जीव तोडून काहीतरी सांगत होता, पण आवाजाच्या नावाने शून्य. स्टोअरसाहेबांनी कान लॅपटॉपला लावला. मग दुसरा कान लावला. मग स्वतःच्याच कानाशी टिचकी वाजवून पाहिली. कान शाबूत होते.

एरवी त्यांनी हे प्रकरण सोमवारवर ढकललं असतं. पण दुसऱ्या दिवशी, शनिवारी अकरा वाजता, त्यांच्या एकुलत्या एका मुलीची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा होती. पाच वर्षं ती तलावांच्या तळाशी साचणाऱ्या गाळातल्या जंतूंचा अभ्यास करत होती. विद्यापीठ दीड दिवसाच्या प्रवासावर. स्टोअरसाहेबांच्या बायकोच्या, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, त्यामुळे जाणं शक्य नव्हतं. म्हणून मुलीने खटपट करून विद्यापीठाकडून आईबाबांसाठी घरबसल्या परीक्षा बघायची परवानगी आणली होती. फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, पाच वर्षांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, मी नक्की काय करते. उद्या सगळं सोपं करून सांगणार आहे. फक्त ऐका." हे तिने रागाने म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते स्टोअरसाहेबांना जास्त लागलं होतं.

लॅपटॉपवर लिनक्स होतं, तेही मुलीनेच घालून दिलेलं. जुनी यंत्रणा चालेनाशी झाली तेव्हा ती चार दिवसांच्या सुट्टीत आली, एका दुपारी सगळं पुसून नवं बसवलं आणि "आता हे दहा वर्षं बघायला नको" म्हणून गेली. म्हणजे हा आजार ज्या एका माणसाला कळला असता तो माणूस उद्याच्या परीक्षेला बसणार होता.

"तिला फोन केलात तर याद राखा," वहिनी पलंगावरूनच म्हणाल्या. "आज तिने जेवायचं आणि झोपायचं. तुमचे स्पीकर तिच्या डोक्याला नकोत."

"मी कशाला करतोय फोन?" स्टोअरसाहेब म्हणाले. "बत्तीस वर्षं पंपाच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय मी. अकरा हजार सुटे भाग होते. एक लॅपटॉप म्हणजे काय त्यापुढे!"

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना स्टोअरसाहेबच म्हणायची. तेही स्वतःला मनातल्या मनात तसंच म्हणत असावेत.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरून आला. तिथे एक निवृत्त लाइनमन राहायचे. त्यांनी आयुष्यभर खांबावर चढून वीज जोडली होती, त्यामुळे ज्याला वायर आहे ते सगळं आपल्याच खात्यात येतं अशी त्यांची समजूत होती. ते येताना टेस्टर घेऊन आले.

"आवाज म्हणजे काय साहेब, शेवटी करंटच," ते म्हणाले. "करंट कुठेतरी अडलाय. बंद करून चालू केला?"

"सहा वेळा."

"मग सातव्यांदा वेळ देऊन करा. घाई केली की तो बिथरतो."

वेळ देऊन केला. दहा मिनिटं दोघं बंद लॅपटॉपकडे बघत बसले. लाइनमननी मध्येच त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, तोंडाने "च्च" केलं आणि अर्थिंगवर एक लांबलचक किस्सा सांगितला. त्या किश्श्यात एक बैल मेला. लॅपटॉप चालू झाला तो पहिल्याइतकाच गप्प. तेव्हा चहा संपवत लाइनमन म्हणाले, "हे दुकानातच न्या," आणि टेस्टर खिशाला लावून वर गेले.

दुकान चार गल्ल्या पलीकडे होतं. दारात टोकन घ्यायचं, आत फॉर्म भरायचा. फॉर्मवर तक्रारीचे चार चौकोन छापले होते: पडदा फुटला, पाणी सांडलं, चालू होत नाही, इतर. स्टोअरसाहेबांनी 'इतर'वर खूण केली आणि समोरच्या बोटभर जागेत बारीक अक्षरात अकरा ओळी लिहिल्या. गुरुवारी लॅपटॉपने स्वतःहून काही अपडेट घेतलं होतं, त्याची वेळसुद्धा लिहिली. काउंटरवरच्या बाईंनी त्यातली एकही ओळ न वाचता विचारलं, "आत काय आहे? लिनक्स?"

"हो."

"मग नाही घेता येणार. आमच्या यादीत लिनक्सचा रकानाच नाही."

"अहो, रकाना नसला म्हणून काय झालं? स्पीकर तर आहेत ना त्याला?"

"रकाना नसला की पावती निघत नाही. पावती नसली की वस्तू आत जात नाही. ते काढून दुसरं काही टाकायचं असेल तर लिहून द्या. सोमवारी मिळेल."

स्टोअरसाहेबांनी फॉर्म परत घेतला. कारण हेच वाक्य, याच सुरात, बत्तीस वर्षं ते स्वतः खिडकीतून लोकांना ऐकवत आले होते. पंप बंद पडलाय, पाणी तुंबलंय, म्हणून गयावया करणाऱ्या कितीतरी माणसांना त्यांनी रकान्यापायी परत धाडलं होतं. तेव्हा त्यांना ते फार शिस्तीचं वाटायचं. समोरून ते कसं दिसतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. लॅपटॉप काखेत मारून ते मुकाट्याने घरी आले. जिन्यात भेटलेल्या तिघांनी विचारलं, "झाला का?" तिघांनाही त्यांनी सांगितलं, की दुकानात गर्दी होती.

आता उरले मेहुणे. वहिनींचा धाकटा भाऊ एका मोठ्या संगणक कंपनीत होता. तिथे तो काय करतो, हे त्याने वीस वर्षांत नीट सांगितलं नव्हतं, पण लग्नाकार्यात कुणाचाही फोन अडला की तो हातात घेऊन "बघतो" म्हणायचा. वहिनींनी फोन लावून दिला.

"भाऊजी, एक काळी खिडकी उघडा," मेहुणे म्हणाले. "आता टाइप करा, सुडो."

"सुडो म्हणजे काय?"

"म्हणजे मी मालक आहे, मी सांगतो ते ऐक."

हे स्टोअरसाहेबांना मनापासून आवडलं. घरात असा एखादा शब्द असायला हवा होता असं त्यांना वाटून गेलं. पण लॅपटॉपने मालकाकडेच पासवर्ड मागितला.

"अरे, अक्षरं उमटत नाहीयेत."

"उमटणारच नाहीत. तुम्ही दाबत राहा."

"मग मी दाबली हे त्याला कसं कळणार?"

"त्याला कळतं, भाऊजी. तुम्हाला दिसत नाही एवढंच."

चार वेळा चुकल्यावर पाचव्यांदा जमलं. पडद्यावर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या उभ्या राहिल्या. स्पीकरच्या पट्टीखाली दोन इंग्रजी एम होते. मेहुणे ओरडले, "सापडलं! एम म्हणजे म्यूट. एमचं बटण दाबा." दाबलं. एम गेले, तिथे शून्यं आली. वहिनी पलंगावर उठून बसल्या. स्टोअरसाहेबांनी गाणं लावलं. गाणं हललं, वाजलं नाही.

"हेडफोन लावलाय का?" मेहुण्यांनी विचारलं. "तिथे हेडफोन असं दिसत असेल बघा."

"दिसतंय खरं. पण हेडफोन घरातच नाही, लावणार कुठून?"

"मग अपडेटने वेड लावलंय त्याला. सगळ्या पट्ट्या वरपर्यंत न्या."

नेल्या. शंभर टक्क्यांच्या पुढे दीडशेपर्यंत जागा होती, तिथपर्यंत नेल्या. शिवाय मेहुण्यांनी सांगितलेल्या सात आज्ञा दिल्या. त्यातल्या तिघींना लॅपटॉपने "असं काही नसतं" या अर्थाचं उत्तर दिलं. जेवणाच्या वेळी मेहुण्यांचा उत्साह संपला आणि "उद्या सकाळी मी स्वतःच येतो" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग स्टोअरसाहेबांनी स्वतः इंटरनेटवर शोधाशोध केली. जगात आपल्यासारखे हजारो लोक मुक्या लॅपटॉपपुढे बसलेत, हे वाचून त्यांना जरा धीर आला. एका गृहस्थाचा लॅपटॉप तर अगदी हाच, तक्रारही हीच. त्याने सहा वर्षांपूर्वी नऊ पानं भरून आपलं दुःख मांडलं होतं, लोकांनी त्याला चाळीस उपाय सांगितले होते, आणि सगळ्यात शेवटी त्याने लिहिलं होतं: "जमलं. सर्वांचे आभार." कसं जमलं, ते नव्हतं. स्टोअरसाहेबांनी त्या माणसाला जन्मात कुणाला दिली नव्हती अशी शिवी दिली, तीही वहिनींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

शनिवारी नऊ वाजल्यापासून माणसं जमायला लागली, कारण आठवडाभर स्टोअरसाहेबांनीच जिन्यात थांबवून सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं. लाइनमन सपत्नीक आले. शिवणकाम करणाऱ्या समोरच्या बाई आल्या. मेहुणे आले, आणि आल्या आल्या त्यांनी बैठकीच्या खुर्च्या इतक्या सफाईने मांडल्या, की वहिनींना शंका आली. खोदून विचारल्यावर निघालं ते असं, की संगणक कंपनीत ते फर्निचर खरेदीच्या खात्यात होते.

"मग काल ते सुडो वगैरे कुठून आणलंस?" वहिनींनी विचारलं.

"शेजारच्या टेबलावरचा म्हणतो नेहमी," मेहुणे म्हणाले. "ऐकून ऐकून पाठ झालंय."

शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या फोनवर बघा की सरळ." हे सगळ्यांना पटलं. पण विद्यापीठाचा नियम असा, की नव्या यंत्रावरून आत यायचं तर ओळख पटवायचा आकडा नोंदवलेल्या फोनवर येणार, आणि नोंदवलेला फोन मुलीचा. साडेदहा वाजले होते. वहिनींनी नुसती मान हलवली आणि तो विषय संपला. लाइनमननी घरून बिनवायरचा स्पीकर आणला. लॅपटॉपला आसपास कुणाचा तरी टीव्ही सापडला, कुणाचं तरी घड्याळ सापडलं, दोन हातांवर ठेवलेला स्पीकर मात्र सापडला नाही.

अकरा वाजले. पडद्यावर सभागृह उघडलं. लांब टेबलामागे चार परीक्षक आणि समोर मुलगी. तिने केस घट्ट बांधले होते. ती बोलायला लागली.

पन्नास मिनिटं ती बोलत होती, आणि त्या खोलीत एक अक्षर पोचत नव्हतं. मेहुणे मधून मधून अंदाज सांगायचे, "आता बहुतेक जंतूंबद्दल बोलतेय," तेव्हा वहिनी म्हणाल्या, "गप्प बस रे, मला तिला बघू दे." स्टोअरसाहेब आवाजाच्या पट्टीवर बोट ठेवून बसले होते. ती दीडशेवरच होती. त्यांना फार वाईट वाटत होतं. पोरीने एकच गोष्ट मागितली होती, फक्त ऐका म्हणून. आणि अकरा हजार भागांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला एवढंही जमू नये! जे ऐकू येत नव्हतं त्याच्या बदल्यात ते जेवढं दिसेल तेवढं डोळे फाडून बघत होते. ती कुठे थांबते, पाणी कधी पिते, कुठल्या परीक्षकाकडे बघायचं टाळते. इतकं लक्ष देऊन त्यांनी तिच्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं, त्यांनाच आठवेना.

साडेबाराच्या सुमाराला प्रश्न संपले. मग मुलगी आणि पाहायला बसलेली सगळी मंडळी उठून बाहेर गेली. सभागृहात चौघे परीक्षक तेवढे राहिले आणि डोकी जवळ आणून बोलायला लागले. घरी बसलेल्या पाहुण्यांनाही आता बाहेर काढायचं असतं, हे तिथला कारकून विसरला असावा.

एवढ्यात तळमजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून थेट वर आल्या. गणवेशातच होत्या. "मला आत्ता कळलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आमच्या वॉर्डातला वायरवाला इयरफोन आणलाय. आळीपाळीने ऐका, पण ऐका तरी."

"द्या," म्हणत स्टोअरसाहेबांनी लॅपटॉप आडवा केला, नखाने कडेचं हेडफोनचं बूच उपटलं, आणि

"ठाम मत आहे माझं!" असा आवाज एवढ्या जोरात फुटला, की लाइनमनच्या बायकोच्या हातातली बशी खाली पडली.

ही बुचाची गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. पण स्टोअरसाहेबांनीच ती कुणाला सांगितली नव्हती. पंपाच्या कारखान्यात एक नियम होता: स्टोअरमध्ये ठेवायच्या पंपाचं एकही तोंड उघडं ठेवायचं नाही, प्रत्येकाला बूच, नाहीतर आत धूळ जाते. लॅपटॉपची उघडी भोकं त्यांना कित्येक महिने खुपत होती. बुधवारी मोकळा वेळ मिळाला. घरातला एकुलता एक इयरफोन एका कानाने गेलेला होता, त्याची पिन त्यांनी कापली, कानशीने घासली, वर काळा रंग दिला आणि हेडफोनच्या भोकात अशी चपखल बसवली, की बघणाऱ्याला भोक होतं हेच कळू नये. लॅपटॉपने साहजिकच धरलं, की हेडफोन लावलाय. बुधवारपासून तो बिचारा सगळा आवाज त्या कापलेल्या पिनेत ओतत होता. हेडफोन लावलाय का, असं विचारल्यावर स्टोअरसाहेबांनी नाही म्हटलं, ते त्यांच्या दृष्टीने सोळा आणे खरं होतं. बूच म्हणजे हेडफोन नव्हे. स्टोअरच्या यादीत दोघांचे रकाने वेगळे.

पण हे सगळं नंतर. त्या क्षणी दीडशे टक्क्यांनी खोली दणाणत होती.

"इतकं स्वच्छ काम मी दहा वर्षांत पाहिलेलं नाही," चष्मेवाल्या परीक्षकबाई सांगत होत्या. "मी तिला मुद्दाम दोनदा अडवलं. हलली नाही पोरगी. पदवी द्यायची, वर शिफारसही करायची."

"एकमत?" मधल्या अध्यक्षांनी विचारलं.

"एकमत."

"मग सह्या करू आणि बोलावू तिला."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मेहुणे खुर्चीवर चढायच्या बेतात होते. लाइनमन "अहो, आला आवाज, आला!" म्हणत टाळ्या पिटायला लागले, त्यांना निकालापेक्षा स्पीकरचाच आनंद जास्त झाला होता. स्टोअरसाहेबांचा चेहरा लाल झाला. कालपासूनचा सगळा अपमान त्यांच्या अंगावरून उतरला. जिन्यातले तिघे, दुकानातल्या बाई, सगळ्यांना एकदा बोलावून हा आवाज ऐकवावा असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. मुलगी होती.

स्टोअरसाहेबांनी एक क्षण लॅपटॉपकडे पाहिलं. मग खोलीतल्या सगळ्यांना बोटाने दम दिला, आणि बूच उचलून परत होतं तिथे बसवलं. आवाज बंद झाला. कालपासून सल्ले देणारी माणसं पहिल्यांदाच चिडीचूप बसली.

"बाबा, मी बाहेर उभी आहे. ते आत ठरवतायत." तिचा आवाज बारीक झाला होता. "ऐकलंत ना सगळं?"

"नाही गं," स्टोअरसाहेब म्हणाले. "स्पीकर बंद आहे. कालपासून. आवाजच येत नाही."

"काहीच नाही ऐकलंत?"

"तू बोललीस त्यातलं एक अक्षर नाही."

एवढं कबूल करणं स्टोअरसाहेबांना जड गेलं. पण सांगायचं ते त्यांनी सांगितलं. "बघितलं मात्र सगळं. त्या चष्मेवाल्या बाईंनी दुसऱ्यांदा अडवलं ना, तेव्हा तू आधी हात मागे बांधलेस, मग बोललीस. लहानपणी पाढे अडले आणि आठवले की तू असंच करायचीस. मला तेव्हाच कळलं, हिला उत्तर येतंय."

"बाबा…" ती म्हणाली. "मला भीती वाटतेय."

आता खोलीतले सहा जण स्टोअरसाहेबांकडे बघत होते. एक शब्द बोलले असते तर तिची भीती तिथल्या तिथे गेली असती. मेहुणे तर खुणा करकरून सांगत होते, सांगून टाका. बत्तीस वर्षांच्या नोकरीत स्टोअरसाहेबांनी एकही खोटी नोंद केली नव्हती, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

"आम्हाला इथे काही कळायचा मार्ग नाही," ते म्हणाले. "निकाल तूच सांग. आम्ही फोन धरून बसलोय."

"आत बोलावतायत," ती घाईने म्हणाली आणि फोन बंद झाला.

पडद्यावर दार उघडलं. मुलगी आत आली, उभी राहिली. मेहुण्यांचा हात बुचाकडे गेला, त्यावर स्टोअरसाहेबांनी फाडकन चापट मारली. अध्यक्ष उठले, त्यांचे ओठ हलले. मुलीने दोन्ही हात चेहऱ्यावर ठेवले, चष्मेवाल्या बाई टेबलाला वळसा घालून तिच्याकडे आल्या, आणि मग ती सगळ्यांना सोडून खिशातला फोन शोधत दाराकडे पळाली.

फोन वाजला. स्टोअरसाहेबांनी तो खोलीच्या मध्यभागी धरला.

"बाबा! मिळाली! एकमताने!"

"काय सांगतेस!" स्टोअरसाहेब ओरडले. वहिनी रडत हसत "अगं बाई!" म्हणाल्या, नर्सबाई आणि शिवणवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, लाइनमन "खरंच की काय?" असं इतकं मनापासून म्हणाले, की त्यांच्या बायकोनेही वळून पाहिलं.

बराच वेळ सगळे एकदम बोलत होते. मग मुलगी म्हणाली, "बाबा, आज बोलले ते सगळं मी पुन्हा सांगेन तुम्हाला. पुढच्या आठवड्यात घरीच येते. स्पीकरचंही बघते तेव्हा. तुम्ही काही केलंत का त्याला?"

स्टोअरसाहेबांनी बुचावरून अंगठा फिरवून ते नीट बसलंय का ते पाहिलं.

"केलं गं सगळं," ते म्हणाले. "आम्हा कुणालाच नाही जमलं. तूच ये."